विकत घेतलेली कथा

पैसे मोजून घेतलेल्या वस्तूवर आपला हक्क असतो, हे लहान मुलालाही समजते. चप्पल पहिल्याच दिवशी तुटली तर ती दुकानदाराकडे परत नेता येते. दूध नासके निघाले तर भांडता येते. पण पैसे मोजून घेतलेल्या कथेचे काय? ज्याने जगावे असे मनापासून वाटत होते तो कथेत मेला आणि ज्याचा द्वेष करावासा वाटत होता त्याच्याच सोबत चालण्याची पाळी कथेने आणली, तर वाचकाची फसवणूक झाली असे म्हणावे काय? नीतिशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत हा प्रश्न या शब्दांत सापडत नाही. परंतु त्याची मुळे तेथे नक्कीच आहेत.

जून २०२० मध्ये, करोनाच्या साथीने जग घराघरांत कोंडले गेले असताना, एका व्हिडिओ गेमच्या निमित्ताने हा प्रश्न फार कडवटपणे पुढे आला. खेळाचे नाव ‘द लास्ट ऑफ अस’ आणि तो त्याचा दुसरा भाग होता. पहिला भाग २०१३ साली अमेरिकेतील ‘नॉटी डॉग’ या संस्थेने तयार केला होता व जगभर त्याचे कौतुक झाले होते. सात वर्षे चाहते दुसऱ्या भागाची वाट पाहत होते. १९ जून रोजी तो आला, पहिल्या तीन दिवसांतच त्याच्या चाळीस लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या, आणि त्याच तीन दिवसांत त्याच्याविरुद्ध संतापाचा डोंब उसळला. समीक्षकांनी शंभरपैकी नव्वदीच्या पुढे गुण दिले होते. सर्वसामान्य खेळाडूंचे गुण एकत्र करणाऱ्या ‘मेटाक्रिटिक’वर मात्र तो दहापैकी पाचाच्याही खाली कोसळला. खेळ पुरा करायला किमान वीस-पंचवीस तास लागतात. पण तो विक्रीला आल्यावर काही तासांतच हजारो लोकांनी त्याला शून्य गुण देऊन टाकले. पुढच्याच महिन्यात ‘मेटाक्रिटिक’ला नियम करावा लागला की नव्या खेळाला गुण देण्यापूर्वी छत्तीस तास थांबावे. न वाचलेल्या पुस्तकाचा निकाल लावण्याची घाई आपल्यालाही अपरिचित नाही, म्हणून यावर मी अधिक बोलत नाही.

ज्येष्ठ वाचकांसाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. व्हिडिओ गेम म्हणजे केवळ मोटारी पळविणे किंवा चेंडू उडविणे अशी आपली समजूत असते. आज त्यांतील काही खेळ दीर्घ कादंबरीसारखे असतात. फरक इतकाच, की येथे वाचक पान उलटत नाही; तो हातातील कळा दाबतो आणि कथेतील पात्र त्याच्या हुकमाने चालते, पळते, लपते, मारते. मी स्वतः हा खेळ खेळलेलो नाही. माझ्या वयात बोटे तेवढी चपळ राहत नाहीत. एका तरुणाशेजारी बसून मी तो बराचसा पाहिला आणि न समजलेले त्याला विचारून घेतले.

पहिल्या भागाची कथा थोडक्यात अशी. एका बुरशीच्या साथीने मानवजात उद्ध्वस्त झाली आहे. साथीच्या पहिल्याच रात्री जोएल नावाच्या माणसाची मुलगी एका सैनिकाच्या गोळीने त्याच्या हातांत मरते. वीस वर्षांनंतर, मन दगड झालेल्या या माणसावर चौदा वर्षांच्या एली नावाच्या मुलीला अमेरिकेच्या एका टोकाकडून दूरवर पोहोचविण्याची कामगिरी येते, कारण तिला या रोगाची बाधा होत नाही. प्रवासात तो तिचा बाप होऊन जातो. अखेर रुग्णालयात कळते की लस तयार करायची तर तिच्या मेंदूतील बुरशी काढावी लागेल आणि ती मरेल. मुलगी बेशुद्ध आहे. तिला कोणी विचारलेले नाही. जोएल वाटेत येणाऱ्यांना ठार करीत शस्त्रक्रियेच्या खोलीत शिरतो, डॉक्टरला मारतो, मुलीला उचलून नेतो, आणि ती शुद्धीवर आल्यावर तिच्याशी खोटे बोलतो.

त्या डॉक्टरांचा हिशेब आपल्या ओळखीचा आहे. सर्व लोकांसाठी एकाने मरावे हे हिताचे आहे, असा सल्ला कयफाने दिला होता. चांगले निष्पन्न व्हावे म्हणून वाईट करावे, या विचाराला संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात स्पष्ट नकार दिला आहे आणि ख्रिस्तसभेची नीतिशिकवण आजही तेथेच उभी आहे. तेव्हा निष्पाप मुलीचा बळी देण्यास जोएलने नकार दिला, यात तो चुकला असे मला म्हणता येणार नाही. पण नकार देणे निराळे आणि त्यासाठी केलेली कत्तल व नंतरचे असत्य निराळे. पहिला भाग येथेच संपत होता. खेळणाऱ्यांनी स्वतःच्या हाताने कळ दाबून त्या डॉक्टरला मारले होते, कारण त्यावाचून खेळ पुढे सरकतच नव्हता. त्याला नाव नव्हते. सात वर्षे त्याची कोणाला आठवण झाली नाही.

दुसऱ्या भागात त्या डॉक्टरची मुलगी येते.

तिचे नाव ॲबी. कथा सुरू होऊन फार वेळ झालेला नसताना ती जोएलला गाठते आणि एलीच्या डोळ्यांदेखत त्याला हालहाल करून मारते. एली सूडासाठी सिॲटल शहरात जाते. खेळणारा तिच्या बरोबर असतो, तिच्या संतापात सामील असतो. आणि मग, कथा ऐन मध्यावर आलेली असताना, लेखक खेळणाऱ्याला एलीपासून दूर करतात व ॲबीच्या जागी उभे करतात. तेच तीन दिवस पुन्हा घडतात, या वेळी तिच्या बाजूने. तिचा बाप आपल्याला भेटतो. तिचे मित्र भेटतात, ज्यांतील काहींना आपण एलीच्या हातांनी आधीच मारलेले असते.

संतापाचे खरे मूळ येथे आहे, असे मला वाटते. परंतु सगळ्या तक्रारी एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. त्यांतील काही सरळसरळ न्याय्य होत्या.

संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा थिओलॉजिआ’ या ग्रंथात खरेदी-विक्रीतील फसवणुकीवर एक संपूर्ण प्रकरण लिहिले आहे. मालातील जो छुपा दोष खरेदीदाराच्या नुकसानीस कारण होईल तो विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे, अशी त्यांची शिकवण आहे. आता या खेळाच्या सप्टेंबर २०१९ मधील जाहिरातपटाकडे पाहा. एली संकटात असताना जोएल तिच्या मदतीला येतो असे त्यात दाखविले होते. प्रत्यक्ष खेळात त्या प्रसंगी जेसी नावाचा दुसराच तरुण येतो. जोएल तर केव्हाच मेलेला असतो. कथेतील आश्चर्य राखण्यासाठी आम्ही असे केले, असे खेळाचे दिग्दर्शक नील ड्रकमन यांचे समर्थन होते. कथाकाराला झाकून ठेवण्याचा अधिकार आहे, हे मान्य. पण झाकणे वेगळे आणि जे नाही ते आहे म्हणून दाखविणे वेगळे. ती जाहिरात पाहून ज्याने पैसे मोजले त्याची तक्रार मी तरी फेटाळणार नाही. २०१२ साली ‘मास इफेक्ट’ या खेळाच्या तिसऱ्या भागाच्या शेवटावरून असाच गदारोळ झाला होता. तुमच्या निवडींना महत्त्व राहील, असे सांगून सर्वांच्या हाती जवळपास एकच शेवट दिला, अशी ती तक्रार होती, आणि निर्मात्यांनी काही महिन्यांतच वाढीव शेवट विनामूल्य दिला.

खेळातील हिंसेबद्दल वेगळे सांगायला हवे काय? अमेरिकेत सतरा व युरोपात अठरा वर्षांखालील मुलांसाठी तो नाही, असे त्याच्या वेष्टनावरच छापलेले असते. ते वाचण्याची तसदी आईवडिलांनी घ्यावी. काहींचा राग एलीचे प्रेम एका मुलीवर आहे याबद्दल होता, काहींचा ॲबीच्या पिळदार दंडांबद्दल. लैंगिक नीतीविषयी ख्रिस्तसभेची शिकवण वाचकांना ठाऊक आहे. समलिंगी व्यक्तींना आदराने आणि करुणेने वागवावे, त्यांच्याबाबत अन्यायाने भेदभाव करू नये, हेही कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात तितक्याच स्पष्टपणे लिहिलेले आहे. त्या गोंगाटातील बरेचसे शब्द नीतीच्या काळजीतून आलेले नव्हते. ती टवाळी होती.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हे सारे वजा केल्यावर जो मोठा संताप उरतो, तो कशाचा आहे? “आम्हांला तिच्या जागी का उभे केले?” हा त्याचा गाभा आहे.

दावीद राजाने उरियाची पत्नी घेतली व उरियाला युद्धात मारविले, तेव्हा नाथान संदेष्टा त्याच्याकडे गेला. त्याने राजाला दोष दिला नाही; एक गोष्ट सांगितली. एका गरिबाची एकुलती एक लाडकी कोकरी एका श्रीमंताने पाहुण्यासाठी कापली. दावीदाचा संताप अनावर झाला, तो मनुष्य मरणदंडास पात्र आहे असे तो म्हणाला, आणि त्याच क्षणी नाथानाने त्याला दाखवून दिले की तो श्रीमंत म्हणजे तो स्वतःच. दावीदाला राग येऊ शकला असता. राजवाड्यात आलेल्या गोष्टवेल्हाळाला बाहेर काढणे राजाला अवघड नव्हते. तो रडला. म्हणून आपण त्याला आजही आठवतो.

नाझरेथच्या सभास्थानात मात्र उलटे घडले. संत लूक सांगतो की, प्रभू येशूचे बोलणे ऐकून आरंभी सगळे थक्क झाले, कौतुक करू लागले. मग प्रभूने दोन जुन्या कथा त्यांना आठवून दिल्या. दुष्काळात एलिया संदेष्टा इस्राएलातील विधवांकडे न जाता परक्या सारफथच्या विधवेकडे गेला होता, आणि कुष्ठरोग बरा झाला तो सिरियाच्या नामानाचा. दोन्ही कथा त्यांच्याच पवित्र ग्रंथातील, त्यांच्या तोंडपाठ असलेल्या. पण या वेळी त्या शत्रूच्या बाजूने सांगितल्या गेल्या होत्या. तेच श्रोते उठले आणि त्याला कड्यावरून लोटण्यासाठी गावाबाहेर घेऊन गेले. जे ऐकायचे आहे ते ऐकायला आलेला माणूस, वेगळे ऐकू आले की किती लवकर बदलतो!

अशा माणसाला आजच्या भाषेत ग्राहक म्हणतात. १९९१ साली ‘चेंतेसिमुस आन्नुस’ या परिपत्रकात पोप जॉन पॉल दुसरे यांनी उपभोगवादाविषयी इशारा दिला, तेव्हा अधिक काही असावे ही ओढ माणसाच्या असण्यालाच कशी गिळते, हे त्यांनी दाखविले होते. ग्राहक म्हणून जगण्याची सवय लागली की मन प्रत्येक गोष्टीकडे समाधानाची हमी मागू लागते. मैत्रीकडे मागते, विवाहाकडे मागते. कोणत्या चर्चमध्ये प्रवचन आखूड असते हे पाहून रविवारची मिस्सा निवडणारे भाविक आमच्याही परिचयाचे आहेत. त्यांच्यावर मी रागावत नाही, कारण काही प्रवचने खरोखरच लांबतात. पण कथेकडे ही हमी मागता येत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२४ साली साहित्याच्या वाचनाविषयी एक पत्र लिहिले. दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहायला शिकणे हा वाचनाचा मोठा लाभ त्यात त्यांनी सांगितला आहे. दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहणे म्हणजे काही काळ स्वतःच्या डोळ्यांना मुकणे. ते सुखाचे असेलच असे नाही, आणि त्याची किंमत पैशांत आधी चुकती केलेली नसते.

येथे विचारी खेळाडूंचा एक आक्षेप मात्र गंभीर आहे. तो मला त्या तरुणानेच ऐकविला व मी त्यावर पुष्कळ विचार केला. “नाथानाने दावीदाला आधी कोकरी कापायला लावली नव्हती,” असा त्याचा सारांश सांगता येईल. या खेळात एके ठिकाणी एली एका जखमी स्त्रीचा छळ करून माहिती काढते. तो छळ खेळणाऱ्याला स्वतः कळ दाबून करावा लागतो. दुसरा मार्गच ठेवलेला नाही. आणि नंतर लेखक जणू म्हणतात, पाहा तू काय केलेस! आम्हांला गुरुविद्यालयात शिकविले होते की ज्ञान आणि स्वातंत्र्य यांवाचून नैतिक कृती होत नाही. जिथे निवड नाही तिथे दोष नाही. तेव्हा हा आरोप लादलेला आहे, ही तक्रार अर्धी खरी मानावीच लागते. अर्धी अशासाठी, की हातातील यंत्र खाली ठेवण्याचे स्वातंत्र्य कोणी काढून घेतलेले नव्हते, आणि शिवाय पहिल्या भागात हीच सक्ती होती तेव्हा तिच्याविरुद्ध एवढे रान उठले नाही. त्या वेळी मरणारा डॉक्टर परका होता.

आणखी एक दोष मला दिसतो. शेवटी एली ॲबीला पाण्यात बुडवून मारण्याच्या बेतात असताना थांबते आणि तिला जाऊ देते. या एकीला सोडण्यापूर्वी तिने किती जणांना मारले याची मोजदाद नाही. ज्यांना चेहरा आणि बालपण दिले गेले त्यांचेच जीवन मोलाचे ठरले. बाकीचे वाटेतील झुडपांसारखे छाटले गेले. करुणा शिकवू पाहणाऱ्या कथेत हे खटकते.

संतापलेल्यांचे म्हणणे मात्र याच्या नेमके उलट होते. इतक्या दूर येऊन तिला सोडलेच का, असे ते विचारीत होते. ते ऐकताना मला योना संदेष्टा आठवला. निनवे शहराचा नाश होणार, असे सांगून योना शहराच्या पूर्वेला एक मांडव घालून त्याच्या सावलीत बसला. शहराचे काय होते ते त्याला पाहायचे होते. प्रेक्षक म्हणून तो बसला होता, आणि ज्यासाठी बसला होता ते दृश्य त्याला दाखविले गेले नाही. निनवेच्या लोकांनी पश्चात्ताप केला, देवाने क्षमा केली, आणि योना इतका रागावला की मला मरण दे म्हणाला. शत्रूला मिळालेली क्षमा ही त्याला स्वतःचीच फसवणूक वाटली.

सर्व रागावलेले लोक योनाइतकेच करून थांबले असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. कथेतील पात्राचा मृत्यू ज्यांना सहन झाला नाही, त्यांच्यापैकी काहींनी जिवंत माणसाकडे मोर्चा वळविला. ॲबीला आवाज आणि हालचाली देणारी अभिनेत्री लॉरा बेली हिला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. जुलै २०२० मध्ये त्यांतील काही तिने स्वतः लोकांसमोर ठेवल्या. तिच्या लहान मुलालाही त्यांतून वगळले गेले नव्हते. तिने काय केले होते? दुसऱ्याने लिहिलेली भूमिका चांगली वठविली होती. आपल्याकडे दुःखसहनाच्या नाट्यात यहुदा होणारा माणूस गावातीलच कोणीतरी असतो. शुक्रवारी त्याच्या चुंबनाने अंगावर काटा येतो आणि सोमवारी त्याच्याच दुकानातून आपण पाव आणतो. मुखवटा आणि चेहरा यांतील एवढा फरक लहान मुलेही जाणतात. मग मोठ्यांना तो का उरला नाही? कारण त्यांच्या मते तो चेहराही त्यांनी साठ डॉलर्समध्ये विकत घेतला होता.

१८९३ साली आर्थर कॉनन डॉयल यांनी आपल्या शेरलॉक होम्सला एका धबधब्यात लोटून दिले तेव्हाही लंडनच्या वाचकांनी हलकल्लोळ केला होता. दहा वर्षांनी लेखकाने त्याला जिवंत केले. त्या रागात लोभ होता, हक्काची भाषा होती, आणि थोडा वेडेपणाही होता. त्यावर हसता तरी येते.

एका गोष्टीबद्दल फारसा संताप दिसला नाही, तिची नोंद येथे करणे मला भाग आहे. खेळ विक्रीस येण्यापूर्वी, मार्च २०२० मध्ये, तो तयार करणाऱ्या कामगारांच्या स्थितीविषयी पत्रकार जेसन श्रायर यांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला होता. महिनोन्महिने रात्री उशिरापर्यंत काम, सुट्टीच्या दिवशी काम, थकून नोकरी सोडून गेलेली अनुभवी माणसे असे ते चित्र होते. त्या धंद्यात याला ‘क्रंच’ म्हणतात. कामगाराचे बळ संपून जाईल, त्याचे मन बोथट होईल इतके काम त्याच्याकडून करून घेणे अन्याय आहे, ही पोप लिओ तेरावे यांची १८९१ मधील ‘रेरुम नोव्हारुम’ परिपत्रकातील शिकवण आहे. ग्राहकाच्या हक्काची एवढी चर्चा झाली. ज्यांच्या जागरणांतून ती वस्तू घडली त्यांच्यासाठी शून्य गुण देणारे किती असतील?

खेळाच्या अगदी शेवटी एक जुना प्रसंग दाखविला आहे. जोएलच्या मृत्यूच्या आदल्या रात्रीचा तो आहे. रुग्णालयातील सत्य एलीला तोवर कळलेले असते व तिने त्याच्याशी बोलणे तोडलेले असते. त्या रात्री ती त्याच्या घराच्या ओसरीवर येते आणि सांगते की क्षमा करणे मला जमेल असे वाटत नाही, पण प्रयत्न करून पाहायचा आहे. सकाळी तो मारला जातो. पापनिवेदनाच्या आसनावर बसणाऱ्याला हे वाक्य नवीन नाही. बहुतेक माणसांची क्षमा याच स्थितीत असते, आणि आम्ही तिला अपुरी म्हणून परत पाठवीत नाही. ही रात्र इतक्या उशिरा दाखविल्यामुळे पहिल्या काही तासांत निकाल देऊन बसलेल्यांपर्यंत ती पोहोचलीच नाही.

डिसेंबर २०२० मध्ये या खेळाला वर्षातील सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला. पुढे या कथेवर दूरदर्शन मालिका निघाली आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये जोएलच्या मृत्यूचा भाग तीत आला. ॲबीची भूमिका या वेळी केटलिन डेव्हर या दुसऱ्याच अभिनेत्रीने केली होती. मूळ खेळाशी तिचा काही संबंध नव्हता. तरीही चित्रीकरणाच्या वेळी तिला जादा संरक्षण द्यावे लागले, असे तिची सहकलाकार इझाबेला मर्सेड हिने सांगितले. खेळ येऊन तोवर चार वर्षे होऊन गेली होती.